घरचा बायोगॅस प्लांट, १४ महिन्यांनंतर (आणि तो बसवणाऱ्या संस्थेबद्दल बरंच काही)

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात धायरीला आमच्या रो हाऊसच्या मागच्या अंगणात बायोगॅस प्लांट बसवला, तेव्हापासून निदान पंधरा-वीस जणांनी विचारलं असेल की चालतो का, वास येतो का, किती खर्च आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. लांबलचक होणारे, कारण नुसत्या प्लांटबद्दल लिहून भागत नाही, तो बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांबद्दल जास्त लिहायचंय.

आधी सरळ उत्तरं. चालतो. नीट वापरला तर वास येत नाही, चुकलात तर येतो आणि शेजारच्या घरापर्यंत जातो. २४ हजार लागले, त्यात शेगडी, पाइप आणि बसवणं सगळं आलं.

प्लांट म्हणजे दोन प्लास्टिकच्या टाक्या. खालची हजार लिटरची, वरचं तोंड कापलेली, आणि तिच्यात साडेसातशे लिटरची दुसरी टाकी पालथी घातलेली. खालच्या टाकीत शेणकाला भरलेला असतो, त्यात आपण रोजचं खरकटं बारीक करून पाण्यात कालवून सोडायचं, जिवाणू ते खातात, गॅस होतो, तो पालथ्या टाकीत साठतो आणि ती टाकी हळूहळू वर उचलली जाते. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलं की टाकी किती वर आलीय त्यावरनं कळतं आज त्याच्यावर काय काय शिजेल. टाकीवर दोन जड दगड ठेवलेत, त्याने शेगडीला प्रेशर मिळतं. आपली नेहमीची सिलिंडरची शेगडी याला चालत नाही, वेगळी शेगडी लागते, कारण बायोगॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्केच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे जेटचं भोक मोठं लागतं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहिलं.

आणि हो, टेरेसवर बसवायचा विचार असेल तर आधी स्लॅबचं विचारून घ्या, भरल्यावर टनभर वजन होतं. आम्ही म्हणूनच अंगणात घेतला.

हे डिझाइन आमचा प्लांट बसवणाऱ्या संस्थेचं स्वतःचं नाही आणि ते तसं म्हणतही नाहीत. असा छोटा प्लांट पुण्यातल्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे आपल्याकडे आरती म्हणून ओळखतात त्या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने तयार केला आणि त्याला २००६ साली स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. त्यामागचा विचार मला फार आवडतो. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून टाकलेला चारा, जिवाणूंना खायला त्यात उरतंच किती, त्यापेक्षा त्यांना थेट पिठूळ, गोड असं काहीतरी द्या. त्यांच्या हिशोबाने ज्या गॅससाठी जुन्या पद्धतीच्या प्लांटला ४० किलो शेण लागतं तेवढा गॅस २ किलो पिठूळ मालातनं निघतो, आणि तोही दिवसभरात. मी आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या काकांना सांगून ठेवलंय, जात्याखाली सांडलेलं, झाडून गोळा केलेलं पीठ ते पिशवीत बाजूला ठेवतात, मी आठवड्याला एकदा घेऊन येते. घरचं दीड किलो ओलं खरकटं आणि दोन-तीन मुठी हे पीठ, एवढ्यावर आम्हाला रोज ४०-४५ मिनिटं शेगडी मिळते. त्यात सकाळचा चहा, कुकर आणि एक भाजी होते. पोळ्या सिलिंडरवरच.

आता संस्थेबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण त्यांच्याकडे सध्या प्लांट बसवणारी दोनच माणसं आहेत, आधीच दोन महिन्यांचं वेटिंग आहे आणि त्यांनीच सांगितलं की काकू आत्ता कुठे नाव टाकू नका. मुख्य काम त्यांचं वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांवर, आता राजगड तालुका म्हणतात तिथे. पुण्यात ते प्लांट बसवतात ते वर्षातले काही महिने, आणि त्यातनं जे पैसे मिळतात त्यावर गावातल्या पोरांचा पगार निघतो. आमच्याकडे जी दोघं आली त्यातली एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, पाइपफिटिंग सगळं तिने केलं, मुलगा तिच्या हाताखाली होता. आमच्या सासूबाई खुर्ची टाकून दिवसभर बघत बसल्या होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, हिच्या हाताला वळण आहे गं.

सुरुवात कंटाळवाणी असते, मनाची तयारी ठेवा. नऱ्ह्याच्या गोठ्यातनं शेण आणलं, काला भरला, मग वाट बघायची. आठव्या दिवशी टाकी वर आली, आम्ही आनंदाने काडी लावली, पेटेचना. फोन केला तर ती फिटिंगवाली मुलगी म्हणाली काकू तो गॅस सोडून द्या, पहिला गॅस बहुतेक नुसता कार्बन डायऑक्साइड असतो, पुन्हा भरू दे. एकोणिसाव्या दिवशी निळी ज्योत लागली. पहिला चहा सासूबाईंनी केला आणि देवापुढे वाटी ठेवली.

मग सगळ्यात मोठी चूक, माझी. गौरी-जेवणाला घरी तीस माणसं होती, पुरण, भात, कटाची आमटी उरली, मला वाटलं चांगलं सापडलं, एकदम आठ-दहा किलो आत सोडलं. तिसऱ्या दिवशी आंबट उग्र वास सुटला, टाकी वर यायची पण गॅस पेटायचा नाही. जास्त घातलं की आतलं पाणी आंबतं आणि मिथेन करणारे जिवाणू त्यात तग धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. त्या मुलीने फोनवरच सांगितलं, आठ दिवस काही घालू नका, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडा आणि दोन बादल्या ताजा शेणकाला. तरी रविवारी एसटीने स्वतः आली, आतल्या पाण्याला लिटमस कागद लावून बघितला, पाइपमध्ये साठलेलं पाणी काढलं, जेवली आणि गेली. यायचे पैसे घेतले नाहीत, एसटीचं तिकीट मी बळंच दिलं.

तक्रारही आहे. जुलैत व्हॉल्वमधनं गॅस सुटत होता तेव्हा तीन दिवस फोन उचलला नाही कुणी. नंतर कळलं भाताची लावणी चालू होती, दोघंही आपापल्या खाचरात, आणि तिथे रेंज नाही. मी समजून घेतलं, पण गॅसच्या बाबतीत तीन दिवस म्हणजे फार झाले. पुण्यात काम घ्यायचं असेल तर लावणीच्या दिवसांत फोनवर बसायला एक माणूस ठेवलाच पाहिजे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पाइपाच्या जॉइंटला साबणाचं पाणी लावून गळती कशी शोधायची हेही त्यांनी बसवतानाच प्रत्येकाला शिकवायला हवं. आम्ही पुढे एका स्थानिक प्लंबरला बोलावलं, त्याने भलताच व्हॉल्व बसवला, तो शेवटी यांनाच येऊन बदलावा लागला.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते. लेक आठवीत आहे, तिला शाळेत शाश्वत विकास ध्येयांवर प्रोजेक्ट होता. तो रंगीत चौकोनांचा तक्ता तुम्ही बघितला असेलच, २५ सप्टेंबर २०१५ला संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी मान्य केलेली १७ ध्येयं, त्याखाली १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. योगायोगाने त्याच आठवड्यात या संस्थेचा वार्षिक अहवाल आला, त्याच्या मागच्या पानावर त्यातले अकरा चौकोन छापलेले. लेक म्हणाली आई, एवढ्या छोट्या संस्थेने अकरा कशी काय केली? आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर तो अहवाल आणि तिचा तक्ता शेजारी ठेवून बसलो आणि एकेक चौकोन आमच्या अंगणातल्या टाकीवर लावून बघितला.

सातवं ध्येय स्वच्छ ऊर्जेचं, ते सरळ आहे. आमचा सिलिंडर आधी ३३ दिवस जायचा आता ४८-५० दिवस जातो, वर्षाला साडेतीनेक सिलिंडर वाचले. बारावं ध्येय जबाबदार वापराचं, त्यात १२.३ असं लक्ष्य आहे की दुकानांत आणि घराघरात माणशी वाया जाणारं अन्न २०३०पर्यंत निम्म्यावर आणायचं. अहवालात त्यावर खूण होती. लेक म्हणाली, पण आपण अन्न वाया जाणं कमी नाही करत, वाया गेलेल्याचा गॅस करतो. अगदी बरोबर बोलली. आणि तरी आमच्या घरात खरकटं कमी झालंय, ते वेगळ्याच कारणाने. संस्थेने एक वही दिलेली, रोज काय आणि किती घातलं ते लिहायचं, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं की रोज पाव किलो भात मी उगाचच जास्तीचा लावतेय. म्हणजे त्या खुणेला टाकी जबाबदार नाही, ती चार रुपयांची वही जबाबदार आहे.

तेरावं हवामानाचं. इथे मी अडले, कारण मिथेन बाहेर सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, आणि ही पालथी टाकी पूर्ण भरली की जास्तीचा गॅस कडेने बुडबुडे काढत बाहेर जातो. म्हणजे आपण गावाला गेलो, खरकटं घालून ठेवलं आणि गॅस वापरलाच नाही तर आपण भलतंच केलं. हे मी त्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली हो काकू, म्हणून आम्ही सांगतो की बाहेर जायच्या चार दिवस आधी घालणं बंद करा. मला सांगितलं होतं खरं, पण का ते तेव्हा कळलं नव्हतं. अकरावं ध्येय शहरांचं, ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या दारात पडत होता, त्यांच्या विहिरींचं पाणी गेलं, त्यांना आंदोलनं करावी लागली, आणि त्या ढिगात बहुतेक आपल्या पोळ्या आणि भाज्यांची देठंच होती. आता आमच्या घरातनं ओला कचरा जवळजवळ जातच नाही, लिंबू-संत्र्याच्या साली, कांद्याची टरफलं आणि नारळाच्या करवंट्या तेवढ्या जातात कारण त्या टाकीत चालत नाहीत. कचरा न्यायला येतात त्या स्वच्छ सहकारी संस्थेच्या ताई म्हणाल्या, तुमची बादली नाकाला रुमाल न लावता उचलता येते. स्वच्छ २००८ पासून महापालिकेसोबत काम करते, कचरावेचकांची स्वतःची संस्था आहे ती, त्यांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला बाकी सगळ्या चौकोनांपेक्षा बरं वाटलं.

पण अकरातले तीन-चार चौकोन आम्हाला लागूच करता येईनात. पाचवं, स्त्री-पुरुष समानता. तिसरं, आरोग्य. आमच्या घरात सिलिंडर होताच, धूर नव्हताच. म्हणून डिसेंबरात एका शनिवारी आम्ही तिघी, मी, लेक आणि सासूबाई, पाबे घाटातनं वेल्ह्याकडे गेलो.

तिथे प्लांट वेगळे, जमिनीत बांधलेले, विटांच्या घुमटाचे दीनबंधू प्लांट, शेणावर चालणारे. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं म्हणजे चार-पाच जनावरं दावणीला हवीत, आणि आता तिकडे पुष्कळ घरांत एक-दोनच उरलीत, पोरं पुण्यात कामाला, चारा कोण कापणार. याच कारणाने कधीकाळी बांधलेले कितीतरी प्लांट बंद पडलेत, आम्हाला एका वस्तीत असा एक दाखवला, आत आता सरपण ठेवलं होतं. या संस्थेची माणसं आधी गोठ्यात जाऊन जनावरं मोजतात, शेण किती पडतं ते दोन दिवस तोलतात आणि मगच सांगतात किती मोठा बांधायचा, किंवा बांधू नका म्हणून सांगतात.

ज्या घरी जेवलो त्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भिंती अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या चुन्याने नव्या रंगवलेल्या. म्हणाल्या खोकला गेला असं नाही म्हणणार, पण डोळ्यांचं पाणी थांबलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगात एका वर्षात, २०२०चा आकडा आहे, ३२ लाख माणसं गेली, लेकीने तो आकडा प्रोजेक्टमध्ये लिहिलाच होता, पण त्या अर्ध्या काळ्या भिंतीजवळ ती बराच वेळ उभी राहिली. सरपणाला आधी वहिनी आठवड्यातनं तीनदा डोंगरात जायच्या, आता पंधरा दिवसांतनं एकदा. एकदा तरी का, तर आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, तेवढा गॅस पुरत नाही. हे त्यांनी लपवलं नाही आणि संस्थेच्या माणसानेही मान हलवली. म्हणजे सातवं ध्येय त्या घरात अर्धं झालंय, आणि अर्धं म्हणजे काही कमी नाही.

पाचव्या ध्येयाचं सांगते. त्यात ५.४ म्हणून लक्ष्य आहे, घरातल्या बिनपगारी कामाची दखल घ्यायची आणि ते काम घरात वाटून घ्यायचं. आता सरपणाची फेरी वाचली, पण रोज ५० किलो शेण पाण्यात कालवून प्लांटमध्ये सोडायचं काम कुणाच्या गळ्यात पडतं? बाईच्याच. हे मला जेवताना सारखं टोचत होतं, शेवटी विचारलं. तर संस्थेचा एक नियम आहे, ट्रेनिंगला घरातल्या पुरुषाने यायचंच, तो आला नाही तर प्लांटचं काम सुरू होत नाही. सगळीकडे पाळला जातो का? नाही. वहिनींकडे शेण त्यांचा मुलगा कालवतो, शेजारच्या घरी मात्र सूनच. पण नियम करावासा वाटला हीच मला मोठी गोष्ट वाटते, कारण हा प्रश्न दोन-चार वर्षं त्या घरांत जाऊन बसल्याशिवाय सुचतच नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नऊ संकल्पना रंगवलेल्या दिसल्या, गरिबीमुक्त गाव, स्वच्छ आणि हरित गाव, महिलास्नेही गाव वगैरे. पंचायतराज मंत्रालयाने १७ ध्येयांची गावासाठी नऊ संकल्पनांत मांडणी केलीय, ती. लेकीला फार आश्चर्य वाटलं की तिच्या शाळेतला तक्ता इथे भिंतीवर मराठीत आहे.

आणि मग त्या मुलीने ऑफिसमधलं रजिस्टर दाखवलं. ऑफिस म्हणजे एक खोली, पत्र्याचं छत. रजिस्टरमध्ये प्रत्येक प्लांटला एक पान, कोणत्या महिन्यात बसवला, आणि पुढे दर तीन महिन्यांनी कोणीतरी जाऊन पाहिलेलं, चालू की बंद. बंद असेल तर लाल पेनने, आणि कारण. गाय विकली. पाइप उंदराने कुरतडला. सासू गेली, सून पुण्याला. मी पानं उलटत होते, लाल शाई बरीच होती, काही पानांवर लालच्या पुढे पुन्हा निळ्याने चालू. तिने सांगितलं की देणगीदार कंपनीच्या लोकांनी एकदा म्हटलं होतं किती बसवले तो आकडा द्या, बंदचा कशाला देता, तर यांच्या जुन्या सरांनी दोन्ही आकडे दिले आणि पुढच्या वर्षी तो निधी आला नाही. तेव्हापासनं पुण्यातल्या कामावर त्यांनी जास्त भर दिला, म्हणजे दुरुस्तीला जाणाऱ्या पोरांचा पगार कुणाच्या मर्जीवर राहत नाही.

माझं सगळं मत त्या रजिस्टरपाशी ठरलं. वार्षिक अहवालातले अकरा चौकोन बघून मी साशंक झाले होते आणि अजूनही म्हणते त्यातले पाच-सहाच छापा, पण जागतिक ध्येयांना हातभार लावणं म्हणजे नक्की काय हे मला त्या लाल पेनाने कळलं. टाकी बसवायला एक दिवस लागतो, ती पाच वर्षं चालू ठेवायला कुणीतरी गावातलं, पगारी, स्पॅनर हातात धरता येणारं माणूस लागतं, आणि या संस्थेने ते माणूस तयार करण्यावर पैसा लावलाय. आठवं ध्येय आहे ना चांगल्या रोजगाराचं, त्या मुलीचं पाइपफिटिंग तेच आहे.

घ्यायचा का? पैसे वाचवायला घेत असाल तर नका घेऊ, सिलिंडरच्या आजच्या भावाने २४ हजार वसूल व्हायला सात-आठ वर्षं जातील. फ्लॅट असेल, मोकळी जागा नसेल, रोज दहा मिनिटं द्यायला घरात कुणी नसेल तरी नका घेऊ, तो बंदच पडणार. बाग असेल तर जरूर घ्या, टाकीतनं बाहेर येणारं काळं पाणी दुप्पट साधं पाणी घालून झाडांना देते, आमच्या कढीपत्त्याचं झाड दोन वर्षं नुसतं उभं होतं ते आता अर्ध्या गल्लीला पुरतं. पुण्याच्या थंडीत गॅस निम्म्यावर येतो हे धरूनच चाला, जानेवारीत आम्हाला जेमतेम चहा आणि कुकर मिळायचा, खरकटं कोमट पाण्यात कालवलं आणि टाकीभोवती काळं प्लास्टिक गुंडाळलं तर थोडा फरक पडतो.

मागच्या आठवड्यात ती मुलगी वर्षाच्या सर्व्हिसिंगला येऊन गेली. पाइप साफ केला, व्हॉल्व बघितला, माझी वही चाळली, मग पिशवीतनं रजिस्टर काढून आमचं पान उघडलं आणि निळ्या पेनने लिहिलं, चालू. मग मला विचारलं, काकू जानेवारीत किती मिनिटं मिळायची, वीस? मी म्हटलं वीसही नाही गं, अठरा. तिने लाल पेन काढला आणि बाजूला लिहिलं, हिवाळ्यात १८ मिनिटं, उपाय शोधायचा.